हरकतीची खुर्ची

मंगळवार, ४

पक्षाच्या कचेरीत एसी बसला! जिथे चहाचा कप ज्याने त्याने घरून आणायचा आणि स्वतः विसळायचा, त्या कचेरीत. मी माझा कप घेऊन उभी, तर समोर गणवेशातला माणूस किटली घेऊन हजर. जावईबापूंना विचारलं, ‘लग्न कोणाचं?’ हसले नाहीत. म्हणाले, ‘आई, तो कप जरा पिशवीत ठेवा. जाहिरातवाले आलेत.’

जावईबापू यंदा नगराध्यक्षपदाला उभे आहेत. शहर गेली कित्येक वर्षं आपल्याच पक्षाकडे; पक्षात ठराव झाला की नगरपालिकेत झालाच. लोक आम्हाला चिकट पक्ष म्हणतात, आणि मत आम्हालाच देतात. त्याचं कारण ती हरकतीची खुर्ची. कोणी काही वचन द्यायचं म्हटलं की खुर्चीतल्या माणसाने विचारायचं — पैसे कुठून? त्याचं समाधान होईपर्यंत ठराव नाही. हरकत खुर्चीत बसूनच घ्यायची, दुसरीकडून घेतलेली धरत नाहीत. आधी हे बसायचे. हे गेल्यावर आमचे पक्षाध्यक्ष, वकीलसाहेब, त्यांनी मला बसवलं. म्हणाले, ‘वहिनी, संसार केलेल्या बाईला कोण गंडवणार?’

बुधवार, ५

जावईबापूंचा नवा बेत — घरटी एक मिक्सर, फुकट. मी विचारलं, पैसे कुठून?
‘येतील, आई.’
‘कितीच्या गाडीने?’
सगळी खोली हसली. जावईबापूंचे कान लाल. ठराव रविवारवर गेला. घरी येताना माझ्या चालीत जरा ऐट होती, खोटं कशाला बोलू.

रविवार, ९

अजून डोकं ठिकाणावर नाही.

सभेत अचानक माझं नाव पुकारलं. ज्येष्ठ सभासद म्हणून सत्कार! मला कोणी आधी बोललं नव्हतं. गेले मंचावर. वकीलसाहेबांनी गुच्छ दिला, फोटोवाला ‘ताई, इकडे, इकडे’ करत होता. टाळ्या. मग जावईबापू माईकवर भराभर काहीतरी वाचायला लागले, पुन्हा टाळ्या. मला वाटलं, माझंच गुणगान चाललंय. मीपण वाजवल्या — गुच्छ काखेत धरून.

खाली उतरले तर ठराव मंजूर. मिक्सरचा. पैसे पाण्याच्या टाकीच्या निधीतून, कमी पडतील ते कर्ज काढून. टाकीचा निधी! जुनी टाकी पाडून नवी बांधायला शहराने इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेला.

‘माझी हरकत आहे,’ म्हटलं.

वकीलसाहेब बुटांकडे बघत म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही खुर्चीत नाही आहात.’

सोमवार, १०

गुच्छ कचऱ्यात. मग वाईट वाटलं, फुलांचा काय दोष — काढून पाण्यात ठेवला.

वकीलसाहेबांकडे गेले. ह्यांच्याबरोबर एका पंख्याखाली घाम पुसत पक्ष उभा केलेला माणूस. म्हणाले, ‘एकदा जिंकू द्या, मग काटकसर आहेच.’ मी म्हटलं, ‘चोरी करून आल्यावर उपास करणार म्हणा की.’ त्यांच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. ते मात्र दारापर्यंत सोडायला आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बुधवार, १२

शेजारीण गोड हसून म्हणाली, ‘तुमच्या जावयांनी मन जिंकलं हो. मला पांढरा मिक्सर सांगा.’
म्हटलं, ‘सांगते. पण वाटायला पाणी बाहेरून आण.’
तिला कळलं नाही. मलाही हसू आलं नाही.

शनिवार, १५

ठरवलं. अपक्ष उभी राहणार. निवडून येणार नाही, ते मला कळतं. पण जावईबापूंना भर चौकात, माईकवर, कोणीतरी विचारलं पाहिजे. तिथे गुच्छ देऊन उठवता येणार नाही मला.

लेकीला सांगितलं. ती पाणीपुरवठ्यात पाणी तपासते, तिला तरी पटेल वाटलं. भांडं आपटलं तिने.
‘माझ्या नवऱ्याविरुद्ध? त्यांची पहिली निवडणूक आहे, आई!’
‘मग मी काय करू?’
‘घरी बस. सगळ्यांच्या आया बसतात.’
चहा न घेता निघाले. तिने थांबवलं नाही.

मंगळवार, १८

अर्जावर सूचक म्हणून एका मतदाराची सही लागते. अख्ख्या गल्लीत मिळेना. शिंपी म्हणाला, ‘काकू, तुमचं बरोबर आहे. मिक्सर मिळाला की करतो.’

संध्याकाळी लेक आली. कामावरून थेट, चेहरा उतरलेला. जुन्या टाकीला खालून भेग गेलीय. तिने कधीच वर कळवलं होतं. आज साहेबांनी सांगितलं — दुरुस्ती नाही, नवी टाकी नाही, पैसे मिक्सरला गेले. भेगेत पोत्याचा बोळा कोंबलाय म्हणे. आणि रोज ‘पाणी पिण्यायोग्य’ म्हणून सही हिची!

‘नवऱ्याला सांगितलंस?’
‘सांगितलं. म्हणाले, मतदान होईपर्यंत कळ काढ.’

एवढंच बोलली. जाताना म्हणाली, ‘अर्ज भरू नकोस, आई. मला दोन्हीकडून ओढू नका.’

गुरुवार, २०

शेवटचा दिवस. सूचकाची जागा कोरीच. अर्ज तसाच घेऊन गेले, निदान कारकुनाची थट्टा करून परत येऊ म्हटलं.

मागून कोणीतरी पेन मागितलं. लेक होती.

कारकुनाने सही दोनदा वाचली. ‘बाई, हे आडनाव तर उमेदवार साहेबांचं...’

‘हो,’ ती म्हणाली. ‘त्यांचीच बायको आहे मी. शिक्का मारा.’