वर अडकलेल्या माणसाला उतरवताना

बाबा, मला लातूरच्या तेल गिरणीतून नांदेडच्या गोदामावर पाठवलंय. कागदावर ती बदली आहे. पण गिरणीतलं आता माझ्याशी कुणी धड बोलत नाही, आणि घडलं त्यात तुम्हीही कुठंतरी होतात, म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

तुम्ही गेलात तेव्हा मी आयटीआयला नुकतीच लागले होते. वायरमनची पोरगी वायरमनच होणार, असं वस्तीत हसून म्हणायचे. तसंच झालं. तुम्ही लाकडी शिडीवर चढून जे करायचात, त्यासाठी आता बॅटरीवरची लिफ्ट असते. चाकांवर उभा, कठडा असलेला पाळणा. खालच्या लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या उघडतात आणि माणूस छतापर्यंत जातो. जमीन तिरकी लागली की लिफ्टचा भोंगा वाजतो आणि ती जागीच थांबते. खाली सगळं बंद करायचं लाल बटण असतं. बॅटरी बसली तरी वरच्याला उतरवता यावं म्हणून मागे एक ओढायची मूठ असते. तुमच्या शिडीला यातलं काहीच नव्हतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीवर रोषणाई करायची होती. जयंतीला आपल्या वस्तीत दिव्यांच्या माळा तुम्हीच लावायचात, त्यामुळे मला वाटायचं की तुम्ही पडूच शकत नाही. शिडीचा पाय हलतोय, हे तुम्ही मुकादमाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आजच्या दिवस चालवून घ्या की." तुम्ही चढलात. कंबर मोडली ती मोडलीच. मग कितीतरी वर्षं तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आईच्या भाकरी थापणाऱ्या हातांकडे बघत राहिलात. एकदा मी चिडून विचारलं, "मग चढलातच कशाला?" तुम्ही म्हणालात, "समदेच घाईत होते गं. न्हाई म्हणायला जीभच वळली न्हाई." आणि लगेच माझ्यावरच खेकसलात, "जा, अभ्यास कर."

यंदा पाऊस नाही. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येतंय. या उन्हात बॅटरीतलं पाणी भराभर आटतं आणि तिला शुद्ध केलेलंच पाणी लागतं. ते यायचं बंद झालं. कुणीतरी बोअरचं खारं पाणी ओतलं. मी मॅनेजरकडे गेले तर ते म्हणाले, "लोकांच्या घशाला पाणी नाही, बाई, आणि तुम्ही बॅटरीसाठी शुद्ध पाणी मागता?" मी परत फिरले. घरी माझ्याही माठात तळाशी थोडंच होतं. बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावूनही दुपारी मान टाकायला लागल्या.

त्या दिवशी छताजवळचा पाइप जोडायला रेणापूरकडचा एक फिटर वर होता. शेत पडीक, म्हणून ठेकेदाराकडे लागलेला, बोलका माणूस. वर राहूनच त्यानं लिफ्ट पुढं घेतली आणि एक चाक नालीच्या फुटक्या झाकणात गेलं. पाळणा एका अंगाला कलला. भोंगा वाजला नाही. सारखा कटकट करतो म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. मागं घ्यायला बॅटरीत जीव नव्हता.

"म्याडम, हालंना! खालीबी यीना!"

"हलू नका! खाली बसा, कठडा धरा!"

मी लाल बटण दाबलं. दोघा कामगारांनी चाकाखाली लाकडी ठोकळे सारले. मागची मूठ ओढताना माझा हात घामानं दोनदा निसटला. पाळणा कण्हत कण्हत खाली आला. तो उतरला आणि तिथंच भिंतीला टेकून बसला.

मॅनेजर आले, चाक बघितलं आणि म्हणाले, "झालं ना नीट? दुसऱ्याला चढवा. आजच्या दिवस चालवून घ्या." मी लिफ्टची चावी काढून मुठीत धरली. "न्हाई," मी ओरडले. "भोंगा जोडल्याशिवाय, बॅटऱ्या बदलल्याशिवाय कुणी चढणार न्हाई." अख्खी शेड वळून बघायला लागली.

लिफ्ट बंद, म्हणून पाइपचं काम बंद, म्हणून ठेकेदारानं माणसं कमी केली. त्यात तो फिटरही गेला. फाटकाशी मला भेटला. "जीव वाचवला, उपकार हायेत," तो म्हणाला, "पर आता भोकरला, न्हाईतर अजून कुठं, काम हुडकाया जावं लागंल. पोरं काय खातील, म्याडम?" मी माझा फोन नंबर देऊ केला, त्यानं घेतला नाही. मी इकडे आल्यावर कळलं की लिफ्ट पुन्हा चालू झालीय. भोंगा जोडला का, हे विचारायला फोन केला तर कुणी उचलत नाही. मला झोप लागत नाही, बाबा. मी बरोबरच केलं, हे मला माहीत आहे, तरी लागत नाही.

आई म्हणते, बापाचं नाव काढलंस. हे तिला वाचायला देणार नाही, कुठं ठेवणारही नाही. कारण खरं सांगायचं तर त्या दुपारी मी मॅनेजरवर ओरडलेच नव्हते. मी तुमच्यावर ओरडले होते.