दाखल्यावरचं दीड वर्ष

मुलुंड, ८ जून १९५७

तीर्थरूप मार्तंडमामांस,
उत्तराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

एस.एस.सी.त मला सदुसष्ट टक्के पडले. आईनं बिल्डिंगभर पेढे वाटले. फार्मसी कॉलेजची प्रवेश परीक्षा पाच जुलैला आहे, पण हेडक्लार्कनं अर्ज परत केला. सोळा वर्षं पुरी लागतात, आणि तुमच्या शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जून बेचाळीसचा. पत्रिकेत तर मार्गशीर्ष, सन चाळीस आहे. ज्यानं तारीख सांगितली त्यानंच मामलेदारासमोर ती चुकीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. ते सत्तावीसपर्यंत इथं आलं नाही तर माझी वाट लागली.

मामींची आंबापोळी मी एकटीनं संपवली. रागावू नये.

आपली,
उत्तरा

देवगड, १३ जून

चि. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

सदुसष्ट म्हणजे गणितात धांदल केलीस, ते नंतर बघू.

तारीख चुकून पडलेली नाही, मीच तशी लिहिली. मुलगी कागदावर लहान असली की लग्न जमवायला बरं, असं तेव्हा सगळेच करत. तुझ्या आईला ठाऊक नाही, सांगू नकोस. ऑगस्टात मी निवृत्त होतोय. हेडमास्तरांच्या रजिस्टरात कधी खोटी नोंद नाही म्हणून गाव सत्कार करतंय. मामलेदार दत्ताराम माझाच विद्यार्थी, त्याच्यापुढे काय तोंडानं उभा राहू? वर्षभर थांब. सोळाची काय, आपोआप होशील.

तुझा,
मामा

मुलुंड, १७ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. घाटकोपरच्या एका स्थळाला बाबांनी प्रवेशापुरतं थोपवून धरलंय. मी वर्षभर घरी बसले तर कॉलेज नाही, लग्नच.

मला तो दिवस आठवतो, मामा. शाळेच्या पडवीत तुम्ही मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावलात. सहा वर्षं झालेल्या मुलाचाच हात पोचतो म्हणालात. माझा पोचला होता.

आईला काही सांगितलेलं नाही. रागावलात तरी माया आटू देऊ नये.

उत्तरा

देवगड, २१ जून

चि. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. पावसाळ्यामुळे बोटी बंद, म्हणून रजिस्टर टपालानं कोल्हापूरवरून धाडतोय.

मला पाहून दत्ताराम खुर्चीतून उठला, तो मी सही करेपर्यंत बसलाच नाही. शिक्का मारल्यावर त्यानं हळूच विचारलं, गुरुजी, आमच्या बहिणीचं, सुगंधाचं वयही असंच लिहिलंत का. मी हो म्हटलं. फार लाज वाटली.

संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढली. तुझ्यासारख्या आणखी नऊ मुली निघाल्या. उद्यापासून एकेकीच्या घरी जाऊन सांगतो. सत्काराचं काय ते गाव ठरवील. तुझ्या आईलाही मी वेगळं पत्र लिहिलंय.

गणित दोनदा तपास. आणि कोणी वय विचारलं तर मान वर करून साडेसोळा सांग.

तुझा,
मामा