दोघींतली धड कोण

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू. मानसशास्त्राच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. बारावीचे त्यांचे तास माझ्याकडे आले. मी मराठीची, असं म्हटलं. प्राचार्य म्हणाले, ‘कथा-कादंबऱ्या शिकवता ना, मग वेडे तुमच्या ओळखीचेच.’ स्टाफरूम हसली. मीही.

प्रकरण: अपसामान्य वर्तन म्हणजे काय. पुस्तक एक व्याख्या मांडतं आणि पुढच्याच परिच्छेदात तिच्यात काय कमी ते सांगतं. हे आवडलं.

घरी आले तर आई इथल्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारातून लवकर परतलेली. टोपली न धुता तशीच ओट्याशी. धाकटीला, नीलमला, स्थळ आलंय. उरणचे, कोळीच. मुलगा प्रशांत, जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर. दोघं एकदा भेटलीसुद्धा. मला आज कळतंय.

नीलम माझ्याहून आठ वर्षांनी लहान. माझ्यासाठी शेवटचं स्थळ कधी आलं होतं, ते आई विसरलीय.

१६ नोव्हें., बुध.

सुरमई. मधला तुकडा नी.च्या ताटात.

तीन वर्षांपूर्वी नी.ची झोप गेली, भिंतीपलीकडून आपल्याला कोणी नावं ठेवतंय म्हणायची. डॉक्टर, गोळ्या. तेव्हापासून मधला तुकडा तिचा. गोळी आई स्वतः तिच्या हातावर ठेवते, कपाळावर तळवा ठेवून बसते. सकाळी विचारते, झोप लागली का.

मला कधी नाही. मला कावीळ झाली तेव्हा आई बाजारात होती.

आज विचारलं, हसत विचारलं, मला कधी मधला तुकडा?

आई: ‘तुला काय झालंय? तू धड हायस.’

नी. आपला तुकडा मोडून माझ्या ताटात घालू लागली. मी ताट ओढून घेतलं. तिचा चांगुलपणा मला—

१८ नोव्हें., शुक्र.

बारावी ब. पहिली कसोटी संख्येची: फार थोड्यांत आढळतं ते अपसामान्य. मग अलौकिक बुद्धीही त्यात बसते, म्हणून ही अपुरी. दुसरी: समाजाचे संकेत मोडणारं. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग लग्नच न करणं?’

कोणीतरी खाकरलं. प्रश्न चांगला आहे, म्हटलं. फळ्यावर लिहिलं: संकेत समाजागणिक बदलतात. खडू मोडला.

आमच्या समाजात माझ्या वयाची बिनलग्नाची मला तरी दुसरी माहीत नाही. म्हणजे दोन्ही कसोट्यांत मी सापडते.

तिसरी: स्वतःला किंवा दुसऱ्याला होणारा त्रास. चौथी: रोजचं काम अडतं का. नी. वडाळे तलावाजवळ टेलरकडे ब्लाउज शिवते. वेळेवर जाते, झोपते, हसते. काही अडत नाही.

माझंही काम अडत नाही. त्रास या कसोटीवर नंतर लिहीन.

२० नोव्हें., रवि.

प्रशांतची मावशी आली. एकटी, न कळवता. चौकशीला अशाच येतात. आई बाजारात, नी. दूध आणायला गेलेली. मावशी आधी बाजारात फिरून आली होती. आईच्या शेजारणीकडून बोंबील घेतले, सोबत खबरही.

‘या घरातल्या एका पोरीच्या डोक्याचं कायतरी झालंतं म्हनतात. खरं हाय का गो बाय?’

मी चहा ओतत होते. उत्तर तोंडात तयार होतं. झालं होतं, उपचार झाले, आता कमावते, नीट राहते. वर्गात चारदा सांगितलं असतं. बोलले नाही. ओतत राहिले. कप भरला, बशी भरली, चहा ट्रेमध्ये उतरला.

‘बस बाय, बस.’

मावशी माझ्याकडे बघत राहिली. नी. आली, पाया पडली, ट्रे पुसला, काहीतरी बोलून तिला हसवलं. मावशी चहा अर्धा टाकून गेली.

त्या गप्प बसण्याने काय होईल ते मला ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं.

२३ नोव्हें., बुध.

उरणहून निरोप नाही. आई फोनपाशी घुटमळते. मासळीच्या भावावरून गिऱ्हाइकाशी भांडली म्हणे.

मला बरं वाटतंय. इथे तरी लिहावं.

वर्गात मानसिक आरोग्य. नुसता आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, असं पुस्तक म्हणतं. मुलांनी खाली रेघ मारली. हे आईला वाचून दाखवायला हवं. पण मग ती विचारील, तुला काय झालंय.

सकाळी नी. म्हणाली, ‘ताई, तुला झोप लागत नाही ना?’ मला राग आला. तो प्रश्न तिने विचारायचा नव्हता.

२५ नोव्हें., शुक्र.

कॉलेजच्या गेटवर प्रशांत. हातात हेल्मेट. मोडायला आला असेल, असं वाटलं.

तसं नव्हतं. नी.ने पहिल्याच भेटीत त्याला सगळं सांगितलेलं, गोळीच्या नावासकट. त्याने घरी सांगितलं नाही.

मग खाली बघत म्हणाला, ‘मावशी घरी सांगते, धाकटी एकदम चांगली हाय. जे काय हाय ते मोठीला हाय.’

मी म्हणे बोलत नाही, एकटक बघते, चहा ओततच राहते. लग्न का नाही झालं, तेही त्यांना आता समजलं. त्याची आई तयार आहे. रविवारी मावशी तारीख ठरवायला येतेय.

नी.ला हे त्यानेच सांगितलं. ती म्हणते, ताईच्या नावावर मला लग्न नको, मावशीला मीच खरं सांगेन.

‘खरं कळलं तर आई नाय म्हनेल. तुम्हीच सांगा ताई, काय करू.’

मी त्याला विचारलं, मी तुम्हाला कशी वाटते?

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. ‘दमलेल्या वाटता.’

२६ नोव्हें., शनि.

प्रशांतचं बोलणं आईला सांगितलं. ती टोपली घासत राहिली. घासतच म्हणाली, ‘तू नुसती गप रव्ह. तुझं काय जातंय? तुला कोन बघायला येनार हाय आता?’ मग घासणं थांबवून माझ्याकडे बघितलं. बघत राहिली.

उद्या मी गप्प राहिले आणि नी.लाही राहायला लावलं तर तिचं लग्न होतं आणि मी उरणभर ती मोठी ठरते. बोलले तर मी धड, आणि नी. घरात.

जेवायला सुरमई. मधला तुकडा माझ्या ताटात. आईने माझ्या कपाळावर तळवा ठेवला. बर्फाने गार पडलेला, खारट वासाचा. ‘झोप लागली का गो राती?’

हे मोल होतं की माया, कळलं नाही. विचारलं नाही. नी. माझ्या ताटाकडे बघत होती. ती नजर माझ्या ओळखीची.

तुकडा मी सगळा खाल्ला.

मावशी उद्या येतेय. चहा नी.ने करायचा की मी, हे अजून ठरलेलं नाही.