न चिकटवलेली चिठ्ठी

प्रिय टिल्लू,

तुझं पाकीट मंगळवारीच पोचलं. आज शुक्रवार आहे आणि तू फ्रेम करायला पाठवलेली ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलावर काचेखाली तशीच पडून आहे. फ्रेम तयार आहे, पाठीमागचा पुठ्ठा कापून झालाय, खळ तर तीनदा शिजवली आणि तिन्ही वेळा वाळली म्हणून फेकली. एवढासा कागद पुठ्ठ्यावर चिकटवायला किती वेळ लागतो, हे बायंडरच्या मुलाला मी सांगायला नको. हात धुते, बसते, पुन्हा उठते. समोरचा झेरॉक्सवाला काल विचारत होता, ताई, आज नळ सारखा का वाहतोय. रविवारी क्लबात तुझा सत्कार, भिंतीवर ही फ्रेम, आणि तिच्या शेजारी उभा राहून तू तुझी नेहमीची गोष्ट सांगणार. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. कुरियरवाला म्हणतो उद्या पोचेल. त्याच्या तोंडात साखर पडो.

आधी भांडणाचं बोलते. तू ग्रुप सोडलास त्याला नऊ दिवस झाले. पाचशे माणसांचा ग्रुप, त्यातली निम्मी तुझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, आणि त्यांच्यासमोर आपण चाळिशीकडे झुकलेली दोन भावंडं एका कार्टूनवरून हमरीतुमरीवर आलो. बरं बाबा, कार्टून नाही, ॲनिमे. खरं तर बघायला तूच लावलंस. आई गेल्यावर मी संध्याकाळी नुसती भिंतीकडे बघत बसते हे तुला फोनवरून कसं कळलं कोण जाणे. रोज एक भाग, तू तिकडे, मी इकडे, आणि मग ग्रुपवर तासभर कीस पाडायचा. त्या दोन वर्षांत आपण जेवढं बोललो तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. म्हणून नऊ दिवस फार लांबले.

एकेचाळिसाव्या भागाने घात केला. पांढऱ्या मफलरवाल्या म्हाताऱ्या पंचानेच जोड्या ठरवणारा स्पर्धेचा ड्रॉ फिरवला होता, आणि स्वतः लहानाची मोठी केलेल्या शिष्येला पहिल्याच फेरीत त्या अजिंक्य भालेवाल्यापुढे उभं केलं होतं, हे त्यात कळलं. ग्रुपवर नुसता दंगा. कोणी म्हणे म्हातारा शिष्येवर जळतो, कोणी म्हणे तो पहिल्यापासून राजाचा हेर. एक गट म्हणत होता, अरे पण ती जिंकलीच ना, मग अन्याय कसला? त्यावर तू लिहिलंस की निकाल चांगला लागला म्हणून ड्रॉ स्वच्छ होत नाही. मी चार परिच्छेद खरडले. स्पर्धा जिंकली की ती राजधानीत जाणार होती, म्हातारा टेकडीवरच्या घरात एकटा उरणार होता, त्याला ती हरायला नको होती, नुसती राहायला हवी होती. तू दोन ओळींत माझा निकाल लावलास. ‘प्रेम होतं तर तोंड उघडून जाऊ नकोस म्हणायचं होतं. भेकड आहे तो.’

आणि मी, अक्कल गहाण टाकून, पाचशे जणांसमोर लिहिलं, की ज्याला कधी मागे राहावं लागलं नाही त्याने यावर बोलू नये. तुला वाटलं मी आईच्या आजारपणाचा टोमणा मारला. तसं नव्हतं रे. मी म्हाताऱ्याची वकिली करत होते. सगळ्यात जास्त टोचलं ते तू लिहिलेलं नाही. ‘भोपळा’ नावाचं कोणी पोरगं आहे, त्याने मध्येच विचारलं, पण त्या भालेवाल्याचं काय? तो बिचारा फुकट पहिल्या फेरीत बाहेर गेला, त्याचा काय गुन्हा? ते वाचून मी फोन पालथा ठेवला.

तुला आपलं तेव्हाचं घर आठवतं का? खाली दुकान, वर दोन खोल्या. आई सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेली, बाबा दिवसभर दाबयंत्राशी आणि जेवताना ताटाशी बोलणार. आवाज म्हणजे फक्त तुझा. जिन्याच्या भिंतीवर तुझा तो चेंडू, टक टक टक, शाळेतून आल्यापासून दिवे लागेपर्यंत. मी सतरा वर्षांची होते आणि वरवर तुला शिव्या घालायचे, पण तो आवाज थांबला की जिन्यात डोकावून बघायचे. त्या वर्षी क्लबाच्या टेबल टेनिसच्या स्पर्धेतून एकच मुलगा क्रीडा वसतिगृहात घेणार होते, तिकडे दूर, वर्षातून दोनदा घरी. चौदा वर्षांचा तू बॅग भरूनच बसला होतास. बाबा म्हणाले, जाऊ दे. आई म्हणाली, जाऊ दे. मलाही विचारलंस, आणि मीही म्हणाले, जा की, कोणी अडवलंय.

पुढची गोष्ट तू शंभरदा सांगितली आहेस. बत्तीस मुलं, अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायला ताई, डब्यातून चिठ्ठ्या काढायलाही ताई. एकामागून एक निघालेल्या दोन नावांचा सामना. सातवी चिठ्ठी तुझी निघाली आणि आठवी त्या नंबर एकची, जो तीन वर्षं कोणाकडून हरला नव्हता. हॉलमध्ये सगळे हळहळले. आणि तू त्याला हरवलंस, मग सगळ्यांनाच हरवलंस, आणि टेबलावरची स्वतःची चिठ्ठी उचलून खिशात घातलीस. बावीस वर्षं ती तुझ्या खिशातल्या पाकिटात होती. नव्या मुलांना तू ती दाखवतोस आणि सांगतोस, जी चिठ्ठी निघेल ती घ्यायची, ड्रॉ कोणाचा सख्खा नसतो, कोणाचा सावत्र नसतो.

टिल्लू, तीस चिठ्ठ्या वहीच्या पातळ कागदाच्या होत्या. दोन नव्हत्या. त्या पुस्तकाच्या कव्हरला आतून लावतो त्या जाडसर अस्तराच्या कागदाच्या होत्या, बाबांच्या कातरणांच्या पेटीतून घेतलेल्या. दिसायला सारख्याच पांढऱ्या. चार घड्या घातल्यावर दुसऱ्या कोणाला फरक कळला नसता, पण मी आठव्या वर्षापासून कागद मोजत आले होते. डब्यात हात घातला आणि मला बघायचीसुद्धा गरज पडली नाही. पहिल्या तीन जोड्या मुद्दाम पातळ काढल्या, संशय नको म्हणून.

तू हरावंस म्हणून मी ते केलं. तुझ्यावर जळत नव्हते. तू गेलास की जिन्यात आवाज होणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू जिंकलास तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या आणि मग मोरीत जाऊन ओकले. सामना तू स्वतःच्या मनगटावर जिंकलास, त्यात माझी बोटं नव्हती. पण नंबर एकच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. तो त्यानंतर खेळायला आलाच नाही. आता त्याचं औषधांचं दुकान आहे. आईची औषधं मी अकरा वर्षं त्याच्याकडून आणली, आणि दर वेळी त्याने विचारलं, टिल्लू कसा आहे. हे पत्र टाकून झालं की मी त्याच्याकडेच जाणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

बुधवारी मी आणखी एक पाप केलं. पातळ कागद घेतला, त्याच अक्षरात तुझं नाव लिहिलं, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला आणि चार घड्या घातल्या. अगदी हुबेहूब झाली. खरी जाळायची आणि ही पुठ्ठ्यावर चिकटवायची. तेवढं करायचीही गरज नव्हती, खरीच चिकटवली असती तरी तिची जाडी जगात पुन्हा कोणाला कळली नसती. खळ तीनदा वाळली ती त्यामुळे. या पाकिटात दोन्ही चिठ्ठ्या आहेत. कुठली कुठली, ते मी लिहिलेलं नाही. डोळे मीट आणि एकेक चिठ्ठी अंगठा आणि तर्जनीत धर, तुझीही बोटं त्याच घरात वाढली आहेत. रविवारी काय सांगायचं, फ्रेममध्ये काय लावायचं, की काहीच लावायचं नाही, ते तू ठरव. म्हातारा भेकड होता हे मला मान्य आहे. तेव्हा जाऊ नकोस म्हणायचं होतं, म्हटलं नाही. आता एवढंच म्हणते, ये. रागावून ये, पण ये.

तू ठेवशील तोवर तुझीच,
ताई