सळईचे तुकडे

१२ जानेवारी, सोमवार. सांगली
साइटवर पाय ठेवला आणि डोकं फिरलं. कापून उरलेले सळईचे तुकडे वाळूत, टाकीमागं, जिथं तिथं. बसूमिस्त्रींना सगळ्यांसमोर बोलले, "मामा, यापुढं एकसुद्धा तुकडा भंगारात गेला तर काम थांबवीन." माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या वयाचा माणूस. मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर वाईट वाटलं. पण स्वतःच्याच घरात उधळपट्टी केली तर दुसऱ्यांच्या साइटवर इंजिनिअर म्हणून काटकसर कुठल्या तोंडानं शिकवू?
आप्पा खूश. "पलटणीत आमी वाकडा खिळाबी सरळ करून वापरायचो." आटपाडी सोडून इथं घर बांधतायत. खाली ते, वर मी. लोकांना मात्र सांगतात, दवाखाना जवळ पडतो म्हणून.

१५, गुरुवार
स्लॅबची जाळी उचलून धरायला तुकड्यांच्या खुर्च्या केल्या. खिडक्यांवरच्या पट्ट्यांतही बरेच गेले. पाडलेल्या जुन्या घराच्या विटा कंपाउंडला. ढीग निम्म्यावर. आज स्वतःवरच खूश आहे.

१७, शनिवार
हॉलवरच्या मोठ्या बीमची सळई तपासली. माझा अख्खा मजला त्याच्यावर. नकाशाप्रमाणं आहे. फोटो काढले. उद्या स्लॅब.

१८, रविवार
सकाळीच साताऱ्याच्या साइटवरून फोन. जावंच लागलं. परत येईतो बीम भरून झालेले, स्लॅब निम्मा. नारळ आप्पांनी फोडला. सगळ्यांना जिलेबी.
तुकड्यांचा ढीग पार संपलेला. इतकं बरं वाटलं की मोकळ्या जागेचा फोटो काढला. गेले कुठं, हे विचारायचं सुचलंच नाही.

२०, मंगळवार
बीमच्या बाजूच्या फळ्या काढल्या. कॉलमजवळ मोठी पोकळी, आतली सळई उघडी. तिथंच सगळे तुकडे मोळीसारखे कोंबलेले. खडी वरच अडकली, खाली काँक्रीटचा माल उतरलाच नाही.
बसूमामा म्हणाले, "ताई, तुमीच म्हणलासा, तुकडा वाया घालवू नगा. मीच घातलं. जादा सळईनं मजबूतच हुईल की."
जपून वापरा, जपून वापरा, एवढंच इतकी वर्षं सांगत आले. कुठं थांबायचं ते कधी सांगितलं नाही. तरी ओरडले. नको ते बोलले.
डिझाइनच्या सरांना फोटो पाठवले. म्हणाले, टेकू हलवू नका. पोकळ भाग फोडत जा, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत. लवकर लागलं तर नवा माल भरून भागेल. आरपार पोकळ निघालं तर बीम तोडायचा, वरच्या स्लॅबसकट. एवढं सिमेंट, खडी, सळई, पाणी, सगळं मातीत. आणि तेही माझ्या हातून, जी तुकड्यातुकड्यावरून भांडते...

२१, बुधवार
टेकू वाढवले. दिवसभर बसूमामांशी धड बोलले नाही.
संध्याकाळी आप्पा चहाचा कप तसाच धरून बसलेले. "त्येला बोलू नगंस, पोरी. त्यो नगंच म्हणत हुता. मीच हट्टानं घालाय लावलं."
"कशाला पण, आप्पा?"
"वर तुझा मजला न्हाई का."
राग यायला हवा होता. रडू आलं. चहा दोघांचाही गार झाला. बसूमामांनी उगाच सगळं स्वतःवर घेतलं आणि मी त्यांना...

२२, गुरुवार
सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. मामा म्हणाले, "आवं ताई, ऱ्हाऊ द्या. छिन्नी कुठं ठेवलीसा?"
त्यांनी फोडायला घेतलं. आप्पा खाली घमेलं घेऊन उभे. हलायला तयार नाहीत. पडेल तो काँक्रीटचा तुकडा वेचतायत. म्हटलं, टाका ते. तर म्हणाले, "टाकायचं कशाला? पायरीच्या भरावाला हुतील." मला हसू फुटलं, मामांनाही.
दुपारपर्यंत दुसरं घमेलं भरलं. बीम नऊ इंच रुंद, चार इंच आत गेलोय. छिन्नी अजून पोकळच वाजतेय.