बाद झालेलं एक मत

प्रिय दिएमवहिनी,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी भलतंच बोलून मोकळा होतो, म्हणून लिहायला बसलो. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले. जिथे अक्षराची शंका आली तिथे कोश काढून पाहिलं आहे, तुला वाचताना अडायला नको. इकडे कारखान्यात बरं चाललंय. मला यंत्रावरून काढून तपासणीवर बसवलंय, दिवसभर वाकडे स्क्रू वेगळे काढतो. साहेब म्हणतात, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. ते ऐकलं की मला बरं वाटत नाही.

रविवारी आईचा फोन आला होता. गावप्रमुखाच्या निवडणुकीची मतदानसूचना घरोघर वाटून झाली, तू तुझी न वाचताच तांदळाच्या डब्याखाली सरकवलीस आणि म्हणालीस, "मी नाही जाणार. एकदा शोभा झाली तेवढी पुरे." आईने मला ते हसत सांगितलं. म्हणाली, "बरंच झालं, घरातलं अजून एक मत वाया जायचं टळलं." मी हो-हो केलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन दिवस जेवण नीट गेलेलं नाही. तू जाणार नाहीस, यावेळीच नव्हे तर कधीच नाही, आणि हे असंच राहणार, एवढंच डोक्यात फिरतंय.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा तो हिवाळा तुला आठवतच असेल. लग्न करून परक्या देशातून आलेल्या तुला इथलं नागरिकत्व मिळून जेमतेम पाच महिने झाले होते. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तू माझ्याकडे इथली अक्षरं गिरवलीस आणि तेव्हापासून मला "मास्तर" म्हणायला लागलीस. दादाने एकदा हटकलं, "अगं, भावोजी म्हण," तर तू म्हणालीस, "भावोजी लग्नाने मिळाले, मास्तर मी कमावलेत." मी तोंड वळवलं होतं, पण त्या दिवशी मला किती आनंद झाला होता ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. माझी शाळा नववीत सुटली. बाबा गेले आणि समुद्रात कालवं वाढवतात त्या बांबूंवर दादाला दुसरा माणूस हवा होता. मला मास्तर म्हणणारी जगात तू एकटीच.

मग घरोघर निवडणुकीचं माहितीपत्रक आलं. उमेदवारांचे फोटो, शिक्षण, अनुभव, कोण कशावर किती खर्च करणार, सगळं बारीक अक्षरांत. आपण तेच पाठ्यपुस्तक केलं. "राष्ट्रीय कर्ज" आणि "अंदाजपत्रक" हे शब्द तू त्यातूनच शिकलीस. रोज तो कागद घडी करून शेडमध्ये न्यायचीस आणि कालवं फोडता फोडता शेजारच्या टोपलीवर उघडून ठेवायचीस. त्याला कालवांच्या पाण्याचा वास लागला होता.

शेडमध्ये काय रण माजायचं! चुनकाकू एक नंबरच्या उमेदवाराच्या बाजूच्या. "माणूस परदेशातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन आलाय, तुमच्या दोन नंबरने काय केलंय? मासळीबाजारात बोली लावलीय!" त्यावर पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "बोली लावणाऱ्याला भाव तरी कळतो." दोन नंबर म्हाताऱ्या कोळ्यांचा महिन्याचा भत्ता वाढवणार होता. आई विचारायची, "वाढवेल गं, पण आणणार कुठून? त्याच्या बापाच्या होडीतून?" तू बरेच दिवस नुसती ऐकत होतीस. मग एका दुपारी सुरी खाली ठेवलीस आणि कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत म्हणालीस, "एक नंबर म्हणतो, आठ वर्षांत कर्ज कमी करणार. पण खर्च कुठला कापणार ते लिहिलेलंच नाही. मी घरखर्चाचा असा हिशोब मांडला तर सासूबाई मला जेवायला वाढतील का?" सगळी शेड हसली. आईसुद्धा हसली.

मीही एक नंबरच्याच बाजूचा होतो हे तुला माहीत होतं. कालवांच्या गोणी उतरवता उतरवता मी म्हणालो, "वहिनी, हे घरखर्चाइतकं सोपं नसतं. शिकलेल्या माणसाला जे कळतं ते बाजारातल्या माणसाला नाही कळत." तू अगदी सरळ मनाने म्हणालीस, "असं कसं, मास्तर? तुमची शाळा नववीत सुटली, तरी मला तुम्हीच शिकवलंत ना?" तुला माझं कौतुक करायचं होतं. हे मला आज कळतं. खरं सांगायचं तर तेव्हाही कळलं होतं. पण चुनकाकूंनी मांडीवर थाप मारली, "घ्या! पदवीची बाजू घेतंय कोण, तर नववीवाले मास्तर!" आणि जे हसू उसळलं ते मी गोणीसकट बाहेर जाईपर्यंत थांबलं नाही. पुढचे चार दिवस मी तुला शिकवायला बसलो नाही. पाठ दुखते म्हणून सांगितलं. पाठ दुखत नव्हती.

मतदानाच्या दिवशी तू निळा स्वेटर घातला होतास. गावच्या शाळेत आपण सगळे गेलो, मत दिलं, आणि चार वाजता मोजणी बघायला परत गेलो. एकेक मतपत्रिका वर धरायची, नंबर पुकारायचा, भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढायची. तू खिडकीपाशी उभी राहून ओठांनी मोजत होतीस. आणि मग ती आली. दोन नंबरच्या चौकटीत, कक्षात ठेवलेल्या गोल शिक्क्याच्या जागी, चौकोनी लाल ठसा. मोजणीच्या माणसाने ती उंच धरली आणि म्हणाला, "बाद. स्वतःच्या नावाचा शिक्का." पुढे बसलेल्या ल्यू आजोबांनी चष्मा वर सरकवून वाचलं, "रुआन." त्या आडनावाचं गावात दुसरं कोण आहे? तुझं गुप्त मत सगळ्या गावाने पाहिलं, आणि मोजलं मात्र कुणीच नाही. ल्यू आजोबा म्हणाले, "अर्ज भरून नागरिक होता येतं, अक्कल कुठल्या खिडकीवर मिळते?" लोक हसले. वहिनी, मीही हसलो. तू वळून माझ्याकडे पाहिलंस ते हसण्याबद्दल नव्हतं, तुला वाटलं मास्तरांची मान खाली गेली. घरी येताना म्हणालीस, "माफ करा, मास्तर. तुम्ही इतकं शिकवलंत आणि मीच काहीतरी उलटं ऐकलं." त्यानंतर तू शेडमध्ये कागद आणला नाहीस. कशावर मतही दिलं नाहीस. दोन महिन्यांनी मी इथे नोकरी धरली. आईला वाटतं पगारासाठी.

तू काहीच उलटं ऐकलं नव्हतंस. त्या सकाळी तू ओळखपत्र आणि तुझ्या नावाचा शिक्का हातात घेऊन अंगणात माझ्यापाशी आलीस आणि विचारलंस, "हाच मारायचा ना, मतपत्रिकेवर?" शिक्का फक्त मतदारयादीत सहीच्या जागी उठवायचा असतो, मतपत्रिकेवर उठवला तर मत बाद होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला शेडमधलं ते हसू आठवलं, आणि मी मान हलवली. होकारार्थी. तोंडाने एक शब्द बोललो नाही, म्हणून इतके दिवस स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललेलो नाही. एका मताने निकाल बदलला नसता, हेही सांगून पाहिलं. पण निकालासाठी नाही, तुला खाली बघायला लावण्यासाठी मी ते केलं, आणि तू अजून खालीच बघते आहेस. हे पत्र दादाला दाखव, आईला दाखव. मी शुक्रवारी येतोय. शेडमध्ये सगळ्यांसमोर, ल्यू आजोबांनाही बोलावून, हे मी स्वतः सांगणार आहे. त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. शनिवारी मात्र मत द्यायला जा. आणि तिथे काही अडलं तर दाराशी बसलेल्या अधिकाऱ्याला विचार, मला विचारू नकोस.

तुझाच अपराधी दीर,
कुन-यी