एकही छत्री उघडली नाही

मंगळवार, ९ मार्च

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "मावशी, मोठं विमान गेलं." मी म्हटलं, रोजच जातं, त्यात सांगायचं काय? हो बाजूला, उशीर झालाय. तो हलेना. मग मी त्याचं तोंड बघितलं. तसं गेलं!

रात्री बॉम्ब टाकायला निघालेली बाकीची विमानं सकाळी परत आली. हे नाही. सात पोरं.

हवाई छत्र्यांच्या घड्या घालायच्या आमच्या शेडमध्ये पोरींचं मुसमुसणं सुरू. मी ओरडले — डोळे पुसा आधी! कापड ओलं झालं की घडी चिकटते, आणि चिकटलेली छत्री घेऊन उडी मारणाऱ्याने काय करायचं? पुसले. मनात शिव्या घातल्या असतील. घालू देत.

बुधवार, १० मार्च

काही कळत नाही. विचारलं की साहेबलोक म्हणतात, शोध चालू आहे. बरं.

परवा संध्याकाळीच सातही जण छत्र्यांच्या पिशव्या न्यायला आले होते. शेपटात बंदूक घेऊन बसतो तो — सगळ्यात बारका, त्याला चिमणाच म्हणतात — नेहमीसारखा टेबलावर रेलून. "आजी, माझी छत्री पांढरीच आहे ना? खाली उतरताना कुणी फोटो काढला तर बरा यायला पाहिजे." मी म्हटलं, "आणि तोंड कुठून बरं आणणार?" सगळे हसले. माझी भाची जरा जास्तच हसली. मी बघितल्यावर थांबली.

आज कशातच लक्ष नाही. दोनदा कात्री हरवली. दोन्ही वेळा हातातच होती.

गुरुवार, ११ मार्च

सापडलं. पलीकडच्या डोंगरावर आपटलंय. एक लाकूडतोड्या बातमी घेऊन खाली आला. मंगळवारी उजाडता उजाडता एका इंजिनावर बराच वेळ घिरट्या घालत होतं म्हणे, मग कड्याला धडकलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. वर जायला धड वाट नाही, तुकडीला पोचायला दिवस लागतील.

कुणीतरी त्याला विचारलं, छत्र्या दिसल्या का? तो म्हणाला, "नाही बुवा. मी बघतच होतो. एकही छत्री उघडली नाही."

झालं! दुपारपर्यंत सगळ्या तळावर. इंजिनवाला मिस्त्री दारातून मान घालून म्हणतो, "काय मावशी, पोरींनी घडी घातली की गाठ मारली?" मी म्हटलं, ये आत, तुलाच बांधते पोत्यात. हसत गेला. बाकी कुणी हसलं नाही.

त्या विमानाच्या सातही छत्र्या भाचीच्या हातच्या. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, मीच आणली कामाला. शेवटचा हात मी फिरवते. फिरवला होता. रोज फिरवते, तेव्हा त्या दिवशीही फिरवलाच असणार. असणार!

शुक्रवार, १२ मार्च

भाची खाटेवर बसून आहे. हात मांडीवर, उताणे. स्वतःचेच हात असे बघते की जणू दुसरंच कुणीतरी ठेवून गेलंय.

"आत्या, दोऱ्या मी उलट्या तर नाही ना टाकल्या?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"सातच्या सात कशा गं नाही उघडणार? एखादी तरी..."

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

शनिवार, १३ मार्च

मुकादम म्हणाला, "आत्याबाई, चौकशी होईपर्यंत पोरीला घरी बसवा. बाकीच्या बायका घाबरल्यात. वैमानिकही कुरकुरतायत."

मी म्हटलं, मग मलाही बसवा. आणि घरी बसवायच्या आधी, फळीवर तिच्या हातच्या जेवढ्या आहेत तेवढ्या काढा, वाळूची पोती बांधा आणि टाका वरून! कागद कसले रंगवता?

तो म्हणाला, वरून परवानगी लागेल. मी तिथेच बाकावर बसले. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन केला.

सोमवार, १५ मार्च

टाकल्या. विमान वरून जायचं, पोतं सुटायचं. उघडली. दुसरी, तीही. शेवटपर्यंत सगळ्या उघडल्या. एक जरा उशिरा उघडली तेव्हा मी मुकादमाचा दंड असा धरला की तो कळवळला. बघून बघून मान आखडली.

धावत घरी आले. या वयात! सांगितलं भाचीला.

ती म्हणाली, "त्या उघडल्या. पण त्या ह्या सात नव्हत्या ना."

खरंय.

मंगळवार, १६ मार्च

कपाट उपसलं. लावलं. परत उपसलं.

बुधवार, १७ मार्च

शोकसभा. बँड, फुलं, मोठ्या साहेबांचं भाषण. गगनाचे सुपुत्र काय, अमर काय! त्यांना नावंही कागदावर बघून वाचावी लागली. लांबलं फार. उन्हात एक पोरगी चक्कर येऊन पडली. माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही, ऐसपैस जागा होती.

संपल्यावर चिमण्याचा बाप शेडमध्ये आला. शिंपी आहे. म्हणाला, बघू का जरा? भाची घरी होती, बरं झालं. त्याने टेबलावरचं कापड बोटांत धरलं. शिवणीवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून टाके बघितले. "शिवण चांगली आहे," म्हणाला. नीट खाली ठेवलं आणि गेला.

चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं!

गुरुवार, १८ मार्च

भाची म्हणते, बाबांकडे जाते, आता हे काम नको, कुठलंच नको. ट्रंक भरून तयार. जा म्हटलं, तुझी मर्जी. मग ती न्हाणीघरात गेल्यावर कुलपाची किल्ली लपवली. म्हातारपणी चोऱ्या!

ती तासभर शोधत होती. मीही शोधू लागले.

शुक्रवार, १९ मार्च

डोंगरावरून तुकडी उतरतेय म्हणे. उद्या.

शनिवार, २० मार्च

मुकादमाने मला एकटीला आत घेतलं. दार लावलं.

सहा पिशव्या विमानातच, आपापल्या खुंटीला. कुणी अंगाला अडकवल्याच नाहीत. सातवी उघडलेली — आतच, हातांनी, सुरीने फाडलेली. शत्रूच्या माऱ्यात चिमण्याच्या पायांचा चेंदा झालेला. जखमांवरच्या पट्ट्या त्याच कापडाच्या, अंगावर पांघरलेलं तेच. शुद्ध नसेल त्याला. बेशुद्ध माणसाला ढकलून काय करणार? हवेत दोरी कोण ओढणार? एक पोरगा विमान चालवत होता, बाकीचे पाचही जण चिमण्याभोवती सापडले.

वेळ होता, म्हणाला मुकादम. उड्या मारायला पुष्कळ वेळ होता.

भाचीला सांगितलं. ती खूप रडली, मग गाढ झोपली.

मी बसलेय. आम्ही घड्या घालतो त्या कशासाठी? उडी मारायला! मग मारायची ना — गाढवांनो!